आपली दंडार, अमेरिकेचं कोर्ट

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. घराघरात पाहुणे, दुपारी दंडार हे आमचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, रात्रभर नाटक. मागच्या मंडईत माझ्या भाच्यानं गावच्या शाहीर काकाजींची दंडार मोबाइलवर उतरवली, अकरा मिनिटांची, आणि एका व्हिडिओच्या साइटवर टाकली. काकाजींचा आवाज, ढोलकी, टाळ, मागे पोरांचा गलका, मध्येच एक कुत्रं भुंकलेलं. चौथ्या दिवशी व्हिडिओ गायब. त्या जागी इंग्रजीत सूचना आली होती: एका म्युझिक कंपनीच्या कॉपीराइटच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ हटवला आहे.

पोरगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. वाटणीचे दावे, पोटगी, धुऱ्याची, म्हणजे शेताच्या हद्दीची, भांडणं, हे माझं रोजचं काम. तो म्हणाला, "मावशी, हे चाल तं काकाजीच्या आज्याच्या काळची हाये. कंपनीची कशी झाली वं?"

आक्षेप घ्यायचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून उघडला. नाव, पत्ता, व्हिडिओची लिंक, इथपर्यंत ठीक होतं. शेवटी दोन चौकटी होत्या. पहिलीत खूण केली की तुम्ही शपथेवर सांगता की व्हिडिओ चुकून हटवला गेला आहे. हे खोटं निघालं तर खोट्या शपथेची शिक्षा. दुसरीत खूण केली की तुम्ही अमेरिकेतल्या फेडरल जिल्हा न्यायालयाचा अधिकार मान्य करता. पोराचं बोट तिथंच थांबलं.

"म्हणजे मले अमेरिकेत जा लागन?"

वीस वर्षं कोर्टात काढून मला याचं उत्तर चटकन देता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून मी वाचायला बसले. जे समजलं ते इथं मांडते, कारण आता प्रत्येक मंडळीचं चॅनेल आहे, प्रत्येक भजनी मंडळाचा ग्रुप आहे, आणि ही सूचना उद्या तुमच्याही मोबाइलवर येऊ शकते.

एका गाण्यातल्या चार बांध्या

आधी मालकी नेमकी कशाची, ते पाहू. धानाच्या शेतात जशा बांध्या, म्हणजे बांध घालून पाडलेले तुकडे, असतात, तशा गाण्यातही असतात. चाल ही एक बांधी, शब्द दुसरी, गाणं-वाजवणं तिसरी, आणि ते यंत्रात उतरवलं की ते रेकॉर्डिंग चौथी. चारही बांध्यांचे मालक वेगवेगळे असू शकतात, आणि कॉपीराइटची निम्मी भांडणं या बांध्या एकमेकींत मिसळल्यानं होतात.

काकाजींच्या दंडारीत चाल पिढ्यान् पिढ्या आलेली आहे. तिला कॉपीराइटच्या अर्थानं मालक नाही. शब्द काकाजींनी रचले, ते त्यांचे. सादरीकरण काकाजींचं, ढोलकीवाल्याचं आणि मागे झील धरणाऱ्यांचं; आपल्या कायद्यात हा कलाकाराचा वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंग भाच्यानं केलं. कंपनीनं काय केलं होतं, तर हीच जुनी चाल घेऊन स्टुडिओत एक गाणं तयार केलं होतं. तिची मालकी तिच्या त्या रेकॉर्डिंगपुरती, फार तर तिनं लिहून घेतलेल्या नव्या शब्दांपुरती. चालीवर तिचा काडीचाही हक्क नाही.

अमेरिकेच्या कायद्यात तर हे कलम घालून लिहिलं आहे: एखाद्या रेकॉर्डिंगसारखं ऐकू येणारं दुसरं रेकॉर्डिंग कुणी स्वतः गाऊन-वाजवून केलं, तर पहिल्या रेकॉर्डिंगच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे ज्या देशाच्या कायद्याच्या नावानं आमचा व्हिडिओ काढला, त्या देशाच्या कायद्यातही भाच्याची बाजू खरी होती. पोराला हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विचारतात: "रजिस्ट्री केली नाही, मग आपला हक्क कसा?" कॉपीराइटला सातबारा लागत नाही. ओळ कागदावर उतरली, गाणं रेकॉर्ड झालं, की हक्क जन्मला. नोंदणी करता येते, पुरावा म्हणून ती कामाला येते, पण हक्क नोंदणीवर टिकून नसतो.

बर्नचा करार आणि देशोदेशीचे धुरे

इंटरनेटला धुरा नाही, कायद्याला आहे. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

१८८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात काही देशांनी करार केला. पुढच्या दुरुस्त्यांसह त्याचा आजचा गाभा असा: माझ्या देशात माझ्या लेखकाला जे संरक्षण, तेच तुझ्या लेखकाला, त्यासाठी नोंदणीची अट घालायची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राखायचा. आपला देश इंग्रजांच्या राज्यात असतानाच, १९२८ मध्ये, या करारात आला. अमेरिका तब्बल १०३ वर्षं बाहेर राहिली आणि १९८९ मध्ये आली. आजही तिथं घरच्या लेखकाला दावा लावण्याआधी नोंदणी करावी लागते. परदेशी कृतीला ती अट नाही, पण नोंदणी नसेल तर कायद्यानं ठरवून दिलेली मोठी भरपाई मिळत नाही. ती भरपाई मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत जाते.

करारानं किमान रेषा आखली. त्या रेषेच्या वर प्रत्येक देशानं आपल्या मर्जीनं घर बांधलं. आणि नियम असा की ज्या देशात तुम्ही दाद मागता, त्या देशाचा कायदा लागतो. पुस्तकाच्या काळात हे सोपं होतं. पुस्तक नागपुरात छापलं, नागपुरात विकलं. व्हिडिओ मात्र टाकल्या क्षणी शंभर देशांच्या शेतात एकदम उभा राहतो.

हा फरक किती मोठा होतो, हे मुदतीच्या हिशेबात सगळ्यात स्वच्छ दिसतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांची भजनं आमच्याकडे रोजच्या प्रार्थनेत आहेत. (त्या रचनांचे हक्क आज कुणाकडे आहेत आणि परवानगी कशी मिळते, हा विषय मी इथं काढत नाही. फक्त वर्षं मोजते.) भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे २०२८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे ही मुदत आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेरीस संपत आली आणि मग १९९२ च्या दुरुस्तीनं सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीमुळे देशभरच्या लेखकांच्या वारसांना दहा वर्षं मिळाली.

आता कॅनडात चला. तिथं २०२२ च्या अखेरपर्यंत मुदत ५० वर्षांची होती. महाराजांच्या रचनांची मुदत तिथं २०१८ अखेरीस संपली. पुढे कॅनडानं ती ७० केली, पण एकदा मोकळं झालेलं रान पुन्हा कुंपणात घेतलं नाही. युरोपीय संघात मुदत ७० वर्षांची, पण तिथं बाहेरच्या देशातल्या परक्या लेखकाच्या बाबतीत एक पोटनियम आहे: मूळ देशात हक्क आधी संपला, तर आमच्याकडेही तेव्हाच संपला. म्हणजे तिथंही २०२८. अमेरिका हा पोटनियम मानत नाही. तिथं जुन्या छापील कृतींना पहिल्या छपाईपासून ९५ वर्षं मिळतात. एखादं भजन १९५० मध्ये पहिल्यांदा छापलं असेल, तर अमेरिकेत ते २०४५ संपेपर्यंत राखीव.

भजन तेच. टोरांटोत राहणारा यवतमाळचा पोरगा ते आज मोकळेपणानं छापू शकतो, यवतमाळात राहणाऱ्या त्याच्या भावाला २०२९ उजाडायची वाट पाहावी लागते, आणि न्यू जर्सीतल्या बहिणीला त्याहून सतरा वर्षं जास्त. बाबासाहेबांच्या पुस्तकांचंही तसंच. ते १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन भारतात १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांना खुलं आहे. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर एकेका पुस्तकाच्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतात, त्याला कायद्याचा हा आधार आहे. पण त्यातलंच १९४५ मध्ये छापलेलं एखादं पुस्तक अमेरिकेत २०४० अखेरपर्यंत हक्काखाली राहू शकतं.

देऊळ, मांडव आणि झेरॉक्सचं दुकान

हक्क आहे म्हणजे प्रत्येक वापराला परवानगी लागते, असं नाही. प्रत्येक देशानं सूट ठेवलेली आहे, आणि सूट देण्याच्या पद्धतीवरून त्या देशाचा स्वभाव कळतो.

आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ ही लांबलचक यादी आहे. स्वतःचा अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी, शिकवणं. त्यात दोन नोंदी अगदी आपल्या गावासाठी लिहिल्यासारख्या आहेत. हौशी मंडळानं तिकीट न लावता, किंवा धर्मस्थळाच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रम, हा भंग नाही. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांतलं गाणं-वाजवणं, हाही भंग नाही. लग्नाच्या मांडवात गाणी लावल्याबद्दल पैसे मागायला कुणी आलं तर २०२३ ची केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची जाहीर सूचना दाखवा; तिच्यात हेच स्पष्ट केलं आहे.

पण नीट लक्ष द्या. देवळात भजन गाणं सुटीत बसतं. तेच भजन देवळातून मोबाइलवर जगाला दाखवणं, ही कायद्याच्या नजरेत निराळी कृती आहे आणि या सुटीत ती आपोआप बसत नाही. अमेरिकेतही तीच रेघ आहे: प्रार्थनास्थळात उपासनेच्या वेळी गायलेल्या धार्मिक गाण्याला सूट, पण बाहेर प्रक्षेपण केलं की सूट संपली. आमच्या भजनी मंडळाच्या बायकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. गाणं तेच, गाणाऱ्या त्याच, देऊळ तेच, मग गुन्हा कुठून आला? मलाही ही रेघ मनाला पटत नाही. पण ती आहे, आणि माहीत असलेली बरी.

अमेरिकेत यादीच्या जोडीला एक मोकळी कसोटी आहे. वापर कशासाठी केला, मूळ कृती कशा प्रकारची, तिच्यातला किती भाग घेतला, आणि त्यानं मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला, अशा चार प्रश्नांवर न्यायाधीश ठरवतात. यात नव्या गोष्टींना वाट मिळते. पण निकाल काय लागेल हे आधी सांगता येत नाही आणि वकिलाचा खर्च गरिबाला झेपत नाही. २००७ मध्ये एका आईनं स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या लेकराचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला होता. मागे एक प्रसिद्ध गाणं वाजत होतं. गाण्याच्या कंपनीनं तो हटवायला लावला. आई कोर्टात गेली. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की नोटीस धाडण्याआधी, हा वापर योग्य असू शकतो का, याचा विचार कंपनीला करावाच लागेल. नाचणारं ते लेकरू तोवर शाळेत जाऊ लागलं होतं.

यादी बरी की कसोटी बरी? मी आधी कसोटीच्या बाजूनं होते. मग झेरॉक्सच्या दुकानांची दोन प्रकरणं वाचली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात किंकोज नावाच्या झेरॉक्सवाल्या कंपनीवरच्या दाव्याचा निकाल लागला; तिनं पुस्तकांमधली प्रकरणं जोडून विद्यार्थ्यांना विकली होती. कसोटी लागली आणि दुकान हरलं. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी तसाच दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की शिकवण्यासाठी केलेली प्रत आपल्या यादीत बसते. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ब्रह्मपुरीच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजात प्राध्यापकानं नेमून दिलेल्या प्रकरणाच्या झेरॉक्सवर शिकणाऱ्या पोरीच्या बाजूनं आपली यादी उभी राहिली. त्या दिवसापासून यादीबद्दल माझ्या मनात माया आहे.

"पंधरा सेकंद वापरलं तर चालते," हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक व्हिडिओवाल्याच्या तोंडी आहे. भारतात असा नियम नाही. अमेरिकेतही नाही. गंमत म्हणजे जर्मनीत २०२१ पासून याच्या जवळ जाणारा नियम आहे: १५ सेकंदांपर्यंतचा ध्वनी किंवा चित्रफीत घेतली, मूळ कृतीच्या निम्म्याहून कमी भाग घेतला, त्यात आपलं काही जोडलं आणि त्यातून विशेष कमाई केली नाही, तर साइटनं तो व्हिडिओ लगेच अडवू नये. जर्मनीपुरतं. आपल्या रीलला त्याचा उपयोग नाही.

हटवलेला व्हिडिओ परत कसा येतो

आता मूळ प्रश्न. अमेरिकेनं १९९८ मध्ये एक कायदा केला. त्यातला सौदा असा: लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइटला जबाबदार धरणार नाही, पण मालकाची तक्रार आली की साइटनं तो मजकूर तडक काढायचा. तक्रार खरी की खोटी, हे साइटनं तपासायचं नाही. ज्याचा मजकूर गेला त्यानं उलट नोटीस द्यायची. ती दिली की तक्रारदारानं कोर्टात दावा लावायचा, नाहीतर १० ते १४ कामाच्या दिवसांत साइटनं व्हिडिओ परत ठेवायचा. मोठ्या साइट अमेरिकन, म्हणून त्यांचे फॉर्म याच कायद्याच्या साच्यातले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोराच्या मोबाइलवर अमेरिकेचं कोर्ट उगवलं ते इथून.

आपल्याकडची रीत वेगळी आहे आणि मला ती जास्त न्यायाची वाटते. कॉपीराइट कायदा आणि त्याखालचे २०१३ चे नियम सांगतात: लेखी तक्रार आली की ३६ तासांत मजकूर रोखा, पण फक्त २१ दिवसांसाठी. तेवढ्यात तक्रारदारानं कोर्टाचा आदेश आणला नाही, तर साइट मजकूर पुन्हा दाखवू शकते. आपल्या रीतीत धावपळ तक्रारदारानं करायची. अमेरिकेच्या रीतीत धावपळ ज्याचा व्हिडिओ गेला त्याच्या अंगावर येते. पहिल्या नोटिशीला घाबरून गप्प बसणारे आपल्याकडे किती असतील, याचा विचार केला की या फरकाचं वजन कळतं.

कॅनडानं तिसरीच वाट धरली. तिथं तक्रार आली की इंटरनेट पुरवणाऱ्यानं ती संबंधित माणसाकडे पाठवायची, बस. काही काढायचं नाही. कोर्ट सांगेल तेव्हा बघू. युरोपीय संघानं २०१९ मध्ये बरोबर उलट टोक गाठलं: मोठ्या साइटनी मालकांकडून आधीच परवानगी घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, नाहीतर जबाबदारी त्यांची. त्यासोबत टीका, अवतरण आणि विडंबन यांना हात लावू नका, असंही बजावलं. पोलंड या कायद्याविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये हरला.

मग आम्ही काय केलं? दुसरी चौकट मी पोराला समजावली. अधिकार मान्य करणं म्हणजे विमानात बसणं नव्हे. कंपनीनं तिथं दावा लावलाच, तर ते कोर्ट आपलं नाही असं म्हणता येणार नाही, इतकाच तिचा अर्थ. धोका शून्य नाही. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग तुमच्या व्हिडिओत खरंच वाजत असेल, तर त्या चौकटीला हात लावू नका, हे मी कळकळीनं सांगते. आमच्या व्हिडिओत मात्र काकाजींचा स्वतःचा आवाज होता.

चौकटीत खूण करण्याआधी आम्ही दोन कागद धाडले. एक साइटच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला. २०२१ च्या नियमांनुसार त्यानं २४ तासांत पोच द्यायची असते आणि ठरलेल्या मुदतीत निकाल. दुसरा कंपनीला, आपल्या कायद्याचं कलम ६० लिहून. बिनबुडाच्या दाव्याची धमकी कुणी दिली, तर धमकी मिळालेला माणूसच आधी कोर्टात जाऊ शकतो, असं ते कलम सांगतं. त्याच्या दोन कलमं पुढे, ६२ मध्ये, गावाकडच्या माणसासाठी फार मोलाची गोष्ट आहे: ज्याच्या हक्काचा भंग झाला, तो स्वतः जिथं राहतो त्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. मुंबईला जायला नको, दिल्लीला जायला नको. आमच्या बाररूममध्येही हे अनेकांना ठाऊक नव्हतं.

अकराव्या कामाच्या दिवशी व्हिडिओ परत दिसू लागला. कंपनीकडून एक ओळही आली नाही.

मक्ता की विक्रीखत

याच निमित्तानं काकाजींनी एक जुना कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेला. आठ वर्षांपूर्वी सीडी काढणाऱ्या एकानं शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर त्यांच्या बारा गाण्यांचे "सर्व हक्क" लिहून घेतले होते. दोन हजार रुपये दिले होते. तेव्हापासून काकाजी ती बारा गाणी मंडईत गाताना आधी इकडेतिकडे पाहायचे. आपलंच गाणं, आणि चोरून गायल्यासारखं.

मी कागद दोनदा वाचला. त्यात मुदत नव्हती. मुलूखही नव्हता. आपल्या कायद्याचं कलम १९ म्हणतं: लिहून दिलेल्या हक्काची मुदत कागदात नसेल, तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत धरायचा. पाच वर्षं संपून तीन वर्षं झाली होती. गाणी काकाजींकडे परत आलेली होती आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर हक्क वापरायला देणं म्हणजे मक्ता आणि हक्क लिहून देणं म्हणजे विक्रीखत. शेत मक्त्यानं देताना आपण वर्ष, भाव, बैलबंडीची वाट, सगळं बोलून घेतो. गाणं देताना काही विचारत नाही. जर्मनीत तर विक्रीखत होतच नाही. लेखक हयात असताना आपला हक्क विकूच शकत नाही, फक्त मक्त्यानं देऊ शकतो. अमेरिकेत विकता येतो, पण ३५ वर्षांनी नोटीस देऊन परत मागता येतो. पगारावर राहून केलेलं काम मात्र त्यात बसत नाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना एक संरक्षण दिलं: सिनेमागृहाबाहेर गाणं वाजलं तर त्याच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा कराराचा कागद करूनही काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. आमच्या झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांसाठी दर हंगामाला नवं नाटक लिहिणाऱ्यांनी निदान एवढं करावं: सही करण्याआधी मुदत, मुलूख आणि माध्यम या तीन जागा कोऱ्या आहेत की भरलेल्या, ते पाहावं. "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं छापलेलं असेल, तर ती मुदत भरलेलीच आहे आणि पाच वर्षांचा आधार तिथं मिळत नाही.

छापलेलं दाखवा

चाल कुणाचीच नाही, हे मी वर सहज लिहिलं. काकाजींना ते लागलं. "कोनाचीच नाही म्हनजे? आमच्या आज्याची हाये जी."

त्यांचं म्हणणं कायद्यात बसत नाही, पण खोटंही नाही. घानासारख्या देशानं आपल्या २००५ च्या कायद्यात लोककलेचा हक्क जनतेच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांकडे ठेवला आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात लोककलेसाठी असं काही नाही. आणि तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचं परक्या कोर्टात काय होतं, ते हळदीनं दाखवून दिलं. १९९५ मध्ये अमेरिकेत, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना मिळालं. हळदीसाठी नावाजलेल्या वायगावच्या कुठल्याही म्हातारीनं हसून सोडून दिलं असतं. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशात लोक काय करतात, याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. छापलेलं किंवा पेटंट घेतलेलं असेल तरच ते मोजायचं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने संस्कृत दाखले आणि १९५३ चा छापील शोधनिबंध पुढे ठेवला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अमेरिकेनं तो नियम २०११ मध्ये बदलला.

हे ऐकून काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तं लिवून काढू."

गेल्या रविवारपासून आम्ही बसतो आहोत. भाचा मोबाइलवर उतरवतो, मी दोनशे पानी वहीत लिहिते. तारीख, गाव, कोण गायलं, कोण वाजवत होतं. काकाजींना चार बांध्या पक्क्या समजल्या आहेत. पहिल्या पानावर त्यांनी चालीपुढे आज्याचं नाव घालायला लावलं, शब्दांपुढे स्वतःचं. ढोलकीवाल्याचं नाव माझ्याकडून राहिलं, तर ते पान फाडून पुन्हा लिहायला लावलं.